दान आणि दोरी

बलाढ्य राष्ट्राला परक्या देशातील सामान्य माणूस कशावरून ओळखतो? त्याच्या राज्यघटनेवरून नव्हे, विद्यापीठांवरूनही नव्हे. त्या राष्ट्राचे जे काही त्याच्या उंबरठ्यापर्यंत येऊन पोहोचते, त्यावरून. आमच्या वडीलधाऱ्यांच्या उंबरठ्यापर्यंत अमेरिका आली ती रेशनच्या तांबड्या गव्हाच्या आणि दुधाच्या भुकटीच्या रूपाने. २०२५ साली अमेरिकेने ‘यूएसएड’ ही १९६१ पासून चालत आलेली आपली परदेश-साहाय्य संस्था गुंडाळली, तेव्हा एक जुना प्रश्न पुन्हा आमच्या मनात उभा राहिला. इतके देऊनही देणाऱ्याविषयी घेणाऱ्याच्या मनात माया का उरत नाही?

त्या गव्हाचाच इतिहास पाहू. अमेरिकेच्या कोठारांत धान्य साचत होते, भाव कोसळण्याची भीती होती. १९५४ साली तेथे ‘पी. एल. ४८०’ हा कायदा झाला. गरजू देशांनी हे धान्य डॉलरऐवजी स्वतःच्या चलनात घ्यावे, अशी सोय त्यात होती. १९५६ साली भारताने पहिला करार केला. १९६० च्या मे महिन्यात आपल्या मुंबईचे स. का. पाटील अन्नमंत्री या नात्याने वॉशिंग्टनला गेले आणि चार वर्षांत १ कोटी ६० लाख टन गहू व १० लाख टन तांदूळ मिळवण्याच्या करारावर सही करून आले. या व्यवहारात अमेरिकेचा स्वार्थ होता हे खरे. पण तेवढ्याने त्यातील चांगुलपणा नाहीसा होत नाही. शेजारणीने उरलेली भाजी आणून दिली तरी भुकेल्याचे पोट भरतेच.

दोरी दिसू लागली ती १९६५ मध्ये. अध्यक्ष जॉन्सन यांनी लांब मुदतीचे करार थांबवले आणि एकदोन महिन्यांपुरताच गहू सोडण्याचे धोरण धरले. त्यातच त्या वर्षी आणि पुढच्याही वर्षी पावसाने दगा दिला. बिहारात दुष्काळ पडला. जहाज बंदराला लागायचे आणि धान्य थेट लोकांच्या तोंडी जायचे, साठा असा नव्हताच. लालबहादूर शास्त्रींनी देशाला सोमवारी रात्रीचे जेवण सोडण्याची विनंती केली, ती याच काळातील.

जॉन्सन यांच्यावर अन्याय होऊ नये. भारताने शेतीकडे लक्ष द्यावे, खते व सुधारित बियाणे आणावीत, हा त्यांचा आग्रह होता. नोव्हेंबर १९६५ मध्ये रोम येथे आपले मंत्री सी. सुब्रमण्यम आणि अमेरिकेचे कृषिमंत्री ऑर्व्हिल फ्रीमन यांच्यात तसा समझोताही झाला. पुढच्या वर्षी मेक्सिकोहून १८ हजार टन गव्हाचे बियाणे आले, आणि १९६८ च्या सुगीत त्याचे फळ दिसले. घेणाऱ्याला स्वतःच्या पायांवर उभे करणारी अट कडू असली तरी ती नीतीला सोडून नसते. बापही मुलाला अशी अट घालतो.

परंतु जुलै १९६६ मध्ये इंदिरा गांधींनी व्हिएतनामवरील बाँबफेक थांबवावी असे म्हटले आणि वॉशिंग्टन चिडले. अमेरिकेचे भारतातील राजदूत चेस्टर बोल्स यांनी या प्रसंगाची आठवण लिहून ठेवली आहे. श्रीमती गांधी जे म्हणाल्या तेच पोपमहोदय आणि राष्ट्रसंघाचे सरचिटणीस ऊ थांट हेही म्हणत आहेत, असे त्यांनी कळवले. त्यावर आलेल्या उत्तराचा आशय असा होता, की त्या दोघांना आमचा गहू लागत नाही! हे पोप म्हणजे १९६४ साली मुंबईस येऊन गेलेले सहावे पॉल.

येथे अटीची जात बदलते. पहिली अट शेताविषयी होती, ही जिभेविषयी. कोणी म्हणेल, खाल्ल्या मिठाला जागावे असे आपणच म्हणतो ना? म्हणतो, पण मिठाला जागणे म्हणजे घात न करणे, अन्नदात्याच्या चुकीला होकार भरणे नव्हे. भुकेला माणूस पोट पुढे करतो, विवेक नव्हे. जो पोटाबरोबर विवेकही मागून घेतो त्याला आज्ञाधारकपणा मिळेल, आदर मिळणार नाही. आणि आज्ञाधारकपणाही गरज असेपर्यंतच.

याच १९६६ साली अमेरिकेने आपल्या गव्हाच्या पिकाचा सुमारे पाचवा हिस्सा भारताला पाठवला होता. इतिहासात अशी उदाहरणे थोडी. पण आज ते किती जणांना ठाऊक आहे? १९७१ च्या डिसेंबरात बांगलादेशाचे युद्ध चालू असताना ‘एंटरप्राइझ’ ही विमानवाहू नौका बंगालच्या उपसागराकडे धाडली गेली, ते मात्र लोक अजून सांगतात. १९७४ साली राजदूत मॉयनिहन यांनी जुन्या धान्याच्या साचलेल्या रुपयांपैकी सुमारे १,६६४ कोटींचा धनादेश भारताला परत दिला. तेव्हाचा तो जगातील सर्वांत मोठा धनादेश! हिशेब बराचसा मिटला, आठवण मिटली नाही. उलट, त्या मेक्सिकन गव्हाचे जनक नॉर्मन बोरलॉग हेही अमेरिकनच. त्यांचे नाव आपल्याकडचे कृषितज्ज्ञ आजही आदराने घेतात. त्यांनी बियाणे दिले, त्याला दोरी बांधली नव्हती.

लोकांचा न्याय नेहमी काटेकोर असतो असे नाही. आपल्याकडे रस्त्याच्या कडेला माजणारे, अंगाला खाज आणणारे गाजरगवत अमेरिकेच्या गव्हातून आले असे जो तो सांगतो, आणि ‘पी. एल. ४८०’ ला बोल लावतो. पुण्यात ते १९५५ मध्येच दिसले होते, करार त्यानंतरचा. १९५१ च्या कर्जाऊ गव्हातून ते आले असेलही. पण ही तारीखवार सांगावांगी बांधावर उभे राहून विळ्याने ते उपटणाऱ्याला कोण ऐकवणार?