चेंबरच्या आतली कड

कर्म संपल्यानंतर पुष्कळ काळाने आणि कर्त्याच्या दृष्टीआड जे फळ उद्भवते, त्याचे दायित्व कर्त्याकडे कोणत्या आधाराने जाते, हा भारतीय कर्मविचारातील एक अवघड प्रश्न आहे. यज्ञ आज संपतो आणि स्वर्ग मरणोत्तर मिळतो, मग मधल्या काळात कारण आणि कार्य यांना जोडून कोण ठेवते, या शंकेला पूर्वमीमांसकांनी ‘अपूर्व’ ही कल्पना मांडून उत्तर दिले. अपूर्व म्हणजे कर्मातून निर्माण होणारी आणि फळ देईपर्यंत टिकून राहणारी अदृश्य शक्ती. मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे महामार्ग जेथे एकमेकांना छेदतात त्या धुळ्यात, किंवा जळगावात, ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे तेल बदलताना कारागीर सिलिकॉनची ट्यूब हाती घेतो, तेव्हा हाच प्रश्न यज्ञमंडपाबाहेर उभा राहतो. फरक इतकाच, की येथे मधला दुवा अदृश्य असला तरी अतींद्रिय नसतो.

गिअरबॉक्सच्या तळाशी तेल साठवणारे चेंबर असते. ते आणि वरचे कवच यांमधील सांधा कोठे रबराच्या किंवा कॉर्कच्या पॅकिंगने बंद होतो, तर कोठे द्रव गॅस्केटने, म्हणजे हवेतील ओलाव्यामुळे घट्ट होऊन रबरासारख्या बनणाऱ्या सिलिकॉनने. जेथे द्रव गॅस्केटच विहित आहे, तेथे जुना थर पूर्ण खरवडून, दोन्ही कडांवरचे तेल निपटून, दोन-तीन मिलिमीटर जाडीची अखंड रेघ बोल्टच्या छिद्रांच्या आतल्या बाजूने ओढणे सहसा पुरते. रेघ जाड असली, की बोल्ट आवळताना जादा माल दोन्हीकडे दाबला जातो. बाहेर आलेला बोटाने पुसता येतो, आत गेलेला दिसतच नाही. तो तेथेच घट्ट होतो, पुढे कधीतरी सुटतो, आणि त्याचे तंतू तेलाबरोबर ओढले जाऊन पंपाच्या तोंडाशी असलेल्या फिल्टरवर बसतात. चेंबरमधील चुंबक लोखंडाचा कीस धरून ठेवते, पण सिलिकॉन त्याला दाद देत नाही. फिल्टर तुंबून तेलाचा दाब कमी पडला, की आतले क्लच घसरू लागतात आणि गिअर उशिरा पडतो.

जादा सिलिकॉन लावणारा हात सहसा आळशी नसतो, उलट तो सावध समजला जातो, कारण ‘गळायला नको’ एवढाच त्याचा हेतू असतो. या हेतूत मात्र एक गोम आहे. सांधा पाझरला तर दुसऱ्याच दिवशी गाडीखाली डाग पडतो आणि गिऱ्हाईक त्याच गॅरेजच्या दारात येऊन उभे राहते. फिल्टर काही महिन्यांनी तुंबला तर बोल गाडीच्या वयाला, रस्त्यांना किंवा तेलाला लावला जातो. म्हणजे जाड रेघ आपल्या नावावर येणारा दोष टाळते आणि नावावर न येणारा दोष ओढवून घेते. रक्षण गाडीचे होत नाही, नावाचे होते. गीतेने निषेधलेली फलासक्ती, म्हणजे कर्माच्या परिणामात गुंतून पडणे, सामान्यतः लोभाच्या रंगात रंगवली जाते. भीतीपोटी जन्मणारी ही आसक्ती मात्र दक्षतेचा वेष घेऊन येते आणि म्हणूनच ओळखू येत नाही.

१९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा भावे यांनी गीतेच्या अठरा अध्यायांवर दिलेल्या आणि साने गुरुजींनी उतरवून घेतलेल्या प्रवचनांत बाह्य कर्माला ‘विकर्मा’ची जोड हवी, असे प्रतिपादन आहे, तेथे विकर्म म्हणजे निषिद्ध कर्म नव्हे, तर कर्मात मन ओतण्याची आतली क्रिया. ही कसोटी लावली तर थर जाड करणे म्हणजे मनाऐवजी मालच ओतणे ठरते. कड नीट घासली गेली का, पत्रा वाकला आहे का, मूळ पॅकिंग धड असताना सिलिकॉनची गरजच आहे का, हे पाहण्याचा कंटाळा जाड रेघेखाली सहज झाकता येतो.

यावर अद्वैताच्या बाजूने आक्षेप येऊ शकतो, आणि तो खानदेशाला परका नाही, कारण प्रतापशेठ यांनी १९१६ साली अमळनेरला स्थापन केलेल्या तत्त्वज्ञान मंदिरातील अभ्यासाचा कल अद्वैत वेदान्ताकडेच राहिला. शांकर मताप्रमाणे निष्काम कर्माचे प्रयोजन चित्तशुद्धी हे आहे. तेव्हा कारागिराचे चित्त शुद्ध असेल, तर फिल्टरचे काय झाले याला तात्त्विक महत्त्व उरत नाही. हा आक्षेप अर्धाच मान्य करता येतो. चित्त शुद्ध आहे की नाही हे ठरवायला कर्त्याजवळ स्वतःच्या साक्षीखेरीज फारसे काही नसते, आणि भीतीला दक्षता म्हणवणारी ती साक्ष किती विश्वसनीय असते हे उघड आहे. त्यामुळे फिल्टरवर सापडलेला तंतू हा चित्ताविषयीचाच पुरावा ठरतो.

अर्थात हा पुरावा सरसकट लावणे अन्यायाचे होईल. जो पोऱ्या उस्तादाचा हात पाहूनच जाड रेघ ओढायला शिकला आणि ज्याने बंद केलेले चेंबर पुन्हा त्याच्यासमोर कधी उघडलेच गेले नाही, त्याला ना भीती असते ना कंटाळा. अशा वेळी मीमांसकांनी दक्षिणा घेऊन यज्ञ चालवणारा ऋत्विज आणि ज्याच्यासाठी यज्ञ होतो तो यजमान यांत केलेला भेद उपयोगी पडतो. तेथे कृती ऋत्विजाच्या हातून घडते आणि फळ यजमानाला मिळते. गॅरेजातही राबतो पोऱ्या आणि मोबदला घेतो मालक, त्यामुळे तुंबलेल्या फिल्टरचा हिशेबही मालकाच्याच खात्यावर मांडावा लागतो.