आधारवरचा फोटो आणि आतला ‘मी’



आजचं चिंतन : श्रीमद्भगवद्गीता, अध्याय २, श्लोक १३

आधार कार्डावरचा स्वतःचा फोटो आवडतो असं म्हणणारं माणूस मला अजून भेटलेलं नाही. ‘हा मी नाहीच’ म्हणत आपण ते कार्ड पटकन पाकिटात सरकवतो. गंमत म्हणजे, चेष्टेत म्हटलेलं हे वाक्य गीतेच्या दृष्टीने खरंच आहे.

आजच्या श्लोकात भगवंत अर्जुनाला समजावतात : देहात राहणाऱ्याला याच देहात बालपण, तारुण्य, म्हातारपण येतं, तसाच पुढे दुसरा देहही मिळतो. धीराचा माणूस त्याने गोंधळत नाही.

आता आधारची पद्धत बघा. पाच वर्षांखालच्या बाळाचा फक्त फोटो घेतात. बोटांचे ठसे आणि बुबुळं पाच वर्षांचं झाल्यावर नोंदवतात आणि पंधराव्या वर्षी पुन्हा घेतात, कारण शरीर बदलतं. चेहरा बदलला, पत्ता बदलला, तरी बारा आकडी नंबर तोच. म्हणजे बदलणाऱ्या देहामागे माणूस एकच आहे, हे सरकारी कामातही धरूनच चालतात!

पण तो नंबरही आपण नव्हे. देशातलं पहिलं आधार २९ सप्टेंबर २०१० ला आपल्या नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत दिलं गेलं. त्याआधी माणसं होतीच की! लहानपणीचा आणि आजचा, दोन्ही फोटो बघून ‘हा मीच’ म्हणणारा जो आत आहे, तो कुठल्याच कॅमेऱ्यात येत नाही. तो बघणारा आहे.

हे ऐकायला सोपं वाटतं. पण मध्यंतरी आजीला घेऊन केंद्रावर गेलो होतो. जन्मभर भांडी घासून, भाकऱ्या थापून तिच्या बोटांच्या रेषाच झिजल्यात. चार वेळा बोट ठेवलं, ठसा उमटेना. ती हळूच म्हणाली, “म्हणजे मी मी नाही का रे?” शेवटी बुबुळांवरून काम झालं, पण तिचा चेहरा उतरलेलाच होता.

शरीर म्हणजेच मी असं धरलं, की शरीर झिजताना ही भीती येणारच. केस गळाले, वजन वाढलं की आपल्यालाही तीच सतावते. मी आजीला एवढंच म्हटलं, “रेषा मशीनला लागतात गं, पांडुरंगाला नाही. ज्या कामात त्या झिजल्या, ते त्याला ठाऊक आहे.” तिने माझा हात घट्ट धरला.

आजचा संकल्प : आपला जुना फोटो नावं न ठेवता मिनिटभर बघूया आणि बघणारा कोण, हे स्वतःला विचारूया. आणि हो, आधारवरचा फोटो ऑनलाइन बदलत नाही, केंद्रावरच जावं लागतं. शेजारच्या एखाद्या आजी-आजोबांना सोबत हवी असेल, तर आपण जाऊया. ती पण सेवाच.

रामकृष्ण हरी! 🙏