शेजारी कोण बसतं?

अलिबाग-मुरूड एसटीत एक निवृत्त मुख्याध्यापक म्हणाले, "राग आवरा, दुसऱ्याचं दुःख ओळखा, हे शिकवायला शाळा कशाला हवी? ते घरचं काम. शाळेनं गणित नीट शिकवलं तरी पुष्कळ." तेव्हापासून ते बोलणं डोक्यातून जात नाही.

अशाच गोष्टी शिकवणाऱ्या सामाजिक-भावनिक शिक्षणाचा उल्लेख २०२०च्या शैक्षणिक धोरणात आहे. आपल्याकडे तर मूल्यशिक्षणाचा परिपाठ १९९७ पासूनचा. संवेदनशीलता, सौजन्यशीलता, श्रमप्रतिष्ठा अशी दहा मूल्यं शाळांच्या भिंतींवर रंगवलेली असतात. मुलं सुविचार एका सुरात म्हणतात आणि तास सुरू होतात. दोन शिक्षकांनी पाच इयत्ता सांभाळायच्या तिथं या शिक्षणाची नवी तासिका म्हणजे आणखी एक नोंदवही, ही शिक्षकांची तक्रारही रास्त आहे.

पण 'घरचं काम' हे मला मान्य नाही. घर आपल्या माणसांशी वागायला शिकवतं. परक्याशी वागणं ते शिकवणार कसं? परका तिथं येतच नाही. आपल्याच जिल्ह्यातलं महाड घ्या. चवदार तळं सर्वांना खुलं करण्याचा ठराव नगरपालिकेनं १९२४ मध्येच केला होता. तरी २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब आणि त्यांच्याबरोबरचे लोक तळ्याचं पाणी प्यायले, तेव्हा त्याच दिवशी गावात त्यांच्या माणसांवर हल्ले झाले. पुढं तळ्याचं शुद्धीकरणही केलं गेलं. हे करणारे काही बिनसंस्काराच्या घरांतले नव्हते. त्यांच्याकडेही पाहुण्याला आल्याआल्या पाणी मिळत असणार, आजाऱ्याची विचारपूस होत असणार. ती माया उंबऱ्याबाहेर पडत नव्हती, एवढंच.

मुरूडकडच्या एका जिल्हा परिषद शाळेत खिचडीच्या वेळी मी बसले होते. वीटभट्टीवरून आईबापांबरोबर परतलेली एक कातकरी मुलगी ताटली घेऊन दाराशी, चपलांजवळ टेकली. बाईंनी भाषण दिलं नाही. "हजेरीच्या क्रमानं बसा," एवढंच म्हणाल्या. शेजारच्या मुलीनं दप्तर ओढून जागा केली, पण बसली अंग चोरूनच. बाईंनी मग परसबागेला पाणी घालायचं काम त्या दोघींना जोडीनं दिलं. कोणी किती बादल्या आणायच्या यावरून दोघी तावातावानं भांडल्या, असं बाई नंतर सांगत होत्या. मला ते भांडण फार मोलाचं वाटतं. तोवर एकीच्या लेखी दुसरी भांडण्याजोगीही नव्हती.

लिहायला बसले ती तासिकेची बाजू घेऊन. आता मला तिच्याआधीचा प्रश्न दिसतो. ऐपतवाल्यांची मुलं पिवळ्या बसनं इंग्रजी शाळेत जातात, कातकऱ्यांची दिवाळीनंतर भट्टीवर. मग उरलेल्यांनी समजून घ्यायचं ते कोणाला? तासिका हवी, शिक्षकांना तिचं नीट प्रशिक्षणही हवं. पण त्याआधी भट्टीच्या हंगामात या मुलांना गावातच राहता यावं म्हणून हंगामी वसतिगृहं वेळेवर सुरू झाली पाहिजेत. आणि पटसंख्या कमी म्हणून गावची शाळा बंद करायचं निघालं, की त्या बस्करांवर कोणकोणाची मुलं शेजारी बसतात, हे आधी जाऊन पाहायला हवं.