हौदाच्या काठावर

पुण्याच्या जुन्या पेठेत कुठेही बसा. एखाद्या बंद दुकानाची पायरी चालेल, देवळाचा कट्टा चालेल.

समोर रिक्षा आहेत, हॉर्न आहेत. असू द्यात. आज त्यांच्याशी भांडण नाही.

चपला काढा. तळवे जमिनीला टेकवा. डोळे मिटा.

एक श्वास घ्या. सावकाश सोडा.

आता लक्ष तळव्यांच्या खाली जाऊ द्या. फरशीखाली खडी. खडीखाली माती. त्या मातीत, खोल, एक अंधारी वाट आहे. चुन्यात बांधलेली.

तिच्यातून पाणी येतं आहे.

हे साल १७५० च्या आसपासचं. नानासाहेब पेशव्यांचे दिवस. शहर वाढतं आहे, पेठा वसताहेत, आणि माणसं वाढली की तहान वाढतेच.

कात्रजच्या डोंगराखाली आंबिल ओढ्याला बांध घातला आहे. तिथे पाणी साठतं. कात्रज उंचावर, शहर खाली. तेवढ्या उतारावर सगळं भागतं. मोट नाही, रहाट नाही, बैल नाहीत. पाणी आपल्या पायांनी चालत येतं.

तुम्हीही त्याच्यासोबत चाला. हळू.

या भुयारी नळात गार आहे. काळोख आहे. तळाशी गाळ बसतो आहे आणि वरचं नितळ पाणी पुढे सरकतं आहे.

मध्येच वरून उजेडाची तिरीप येते. हा उच्छ्वास. नळावर ठिकठिकाणी बांधलेला उभा झरोका. आत कोंडलेली हवा इथून बाहेर पडते.

तुमचाही श्वास सोडा. इथेच.

गाळ काढायला माणूस याच झरोक्यातून खाली उतरतो. गुडघ्यापर्यंत चिखल, हातात पाटी, डोक्यावर आभाळाचा एवढासा तुकडा. नळ बांधवणाऱ्याचं नाव पुस्तकात आहे, ते असायलाच हवं. या माणसाचं कुठेच नाही.

क्षणभर त्याच्याजवळ थांबा.

मग पुढे. काही पाणी शनिवारवाड्याकडे जातं, तिथल्या कारंज्यांसाठी. ते जाऊ द्या. आपण पेठेतल्या हौदाकडे वळू. काळा हौद, बदामी हौद, सदाशिव पेठेतला हौद. कुठलाही एक धरा, आणि त्याच्या काठावर बसा.

पहाट आहे. अजून नीट दिसत नाही. आधी ऐका.

अनवाणी पावलं. बांगड्या. दूर, नगारखान्यात चौघडा.

एक बाई येते. डोक्यावरून घागर उतरवते, चुंबळ काठावर ठेवते. चिंचेनं घासलेल्या पितळेचा आंबूस वास येतो. घागर गळ्याशी धरून ती पाण्यावर आडवी करते.

ऐका. बुड्‌बुड, बुड्‌बुड. घागर भरत येते तसा आवाज बारीक होत जातो. ती घागरीत बघतही नाही. शेजारणीशी बोलते आहे, सुनेचं काहीतरी. पण आवाज एका उंचीला पोचतो आणि तिचा हात आपोआप घागर उभी करतो.

पुन्हा ऐका. आवाज चढतो. हात वळतो.

कितीतरी वर्षांच्या पहाटा त्या मनगटात आहेत.

घागर कमरेवर जाते. एक पाय किंचित बाहेर पडतो, तोल सापडतो. थोडं पाणी हिंदकळून दगडावर सांडतं. ओला दगड आधी काळा होतो, मग हळूहळू वाळतो.

त्या दगडाकडे बघत राहा. दुसरं काही करायचं नाही.

श्वास आत. श्वास बाहेर.

आता नजर उचला. काठापासून थोडं लांब बघा.

तिथेही कुणी उभं आहे. हातात मडकं आहे. रिकामं.

त्या हातांना हौदाला शिवायची मुभा नाही. कुणाला दया आली आणि वरून ओतलं, तर पाणी. नाहीतर उभं राहायचं.

नजर वळवू नका. जुन्या पुण्याच्या गोष्टी सांगताना आपण कारंज्यांपाशी रमतो आणि इथून चटकन पुढे जातो. आज नको. आज इथेच थांबा.

उन्हं वर येताहेत. घागरी येताहेत, भरताहेत, जाताहेत. बांगड्या वाजताहेत. मडकं तसंच आहे.

त्या मडक्याचा आवाज ऐका. रिकाम्या मडक्याला आवाज नसतो. तरीही ऐका.

असंच किती दिवस? दिवस नव्हे, पिढ्या. पेशवाई जाते, इंग्रज येतात, आणि मडकं लांबच उभं असतं.

१८६८ साल उजाडतं. गंज पेठेत जोतिराव आणि सावित्रीबाई फुले यांचं घर आहे. घरच्या पाण्याचा हौद आहे. जोतिराव तो अस्पृश्यांसाठी खुला करतात.

मडकं काठाशी येतं. पाण्यावर आडवं होतं.

बुड्‌बुड, बुड्‌बुड.

आवाज तोच आहे.

डोळे उघडा. चपला घाला. गंज पेठेला आता महात्मा फुले पेठ म्हणतात, आणि फुले वाडा तिथे आजही उभा आहे. जुन्या पेठांतून पायी जाता येतं. एखाद्या सकाळी जाऊन या.