भिंतीपलीकडचा खर्ज

घरात साडेतीन फूट उंचीचे दोन स्पीकर जमिनीवर उभे असले की येणारा प्रत्येक जण एकच प्रश्न विचारतो, ‘एवढे मोठे कशाला?’ आई विचारते, कुरिअरवाला विचारतो, ऑफिसातले मित्र विचारतात. ऑडिओच्या नादातल्या लोकांनी यावर उत्तरं तयार करून ठेवलेली असतात : डिटेल, साउंडस्टेज, हेडरूम. ही उत्तरं खोटी नाहीत, पण त्यात एक गोष्ट येत नाही. या ‘एवढ्या’ची किंमत कोण देतं? पैसे मी दिले, हे खरं. पण फक्त मीच दिले का?

आधी हा मोठेपणा नेमका कशासाठी असतो ते बघू. आवाज जितका खालचा, तितकी जास्त हवा हलवावी लागते. एक सप्तक खाली उतरून तेवढाच जोर हवा असेल तर स्पीकरच्या पडद्याला चौपट अंतर मागेपुढे जावं लागतं. म्हणून मोठा पडदा, म्हणून मोठं खोकं, म्हणून माझ्या हॉलमध्ये एकेकी २६ किलोची ही दोन कपाटं. शेल्फवर मावणारा चांगला छोटा स्पीकर साधारण ५५-६० हर्ट्झपर्यंत नीट उतरतो. माझे टॉवर ३५च्या आसपास जातात. त्याच्या वरचं सगळं, म्हणजे माणसाचा गळा, सतार, व्हायोलिन, हार्मोनियम, छोटा स्पीकरही देतोच. थोडक्यात, मी जे जास्तीचे पैसे मोजले ते बव्हंशी तळातल्या त्या जेमतेम एका सप्तकासाठी.

आता गंमत बघा. मी सगळ्यात जास्त ऐकतो ते ख्याल गायन. पुरुष गायकाचा षड्ज काळी एकचा धरला तर तो सुमारे १३८ हर्ट्झ, आणि तानपुऱ्याची खर्जाची तार त्याच्या निम्मी, ६९. गायिकेचा षड्ज काळी चारचा असेल तर खर्ज १०४च्या आसपास. म्हणजे भीमसेन जोशी असोत की किशोरी आमोणकर, माझ्या टॉवरच्या तळघरात त्यांचं फारसं काही राहतच नाही. त्यातून आपला कान इतका हुशार की मूळ सूर गायब असला तरी वरच्या स्वरांशांवरून तो मनातल्या मनात भरून काढतो. फोनच्या एवढ्याशा स्पीकरवर बायकांचा आणि पुरुषांचा आवाज वेगळा ओळखू येतो तो यामुळेच. केसरबाई केरकरांची ‘जात कहाँ हो’ ही भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानांवरच्या सोनेरी तबकडीवर गेली. साडेतीन मिनिटांचं, एका वाहिनीवरचं, ७८च्या तबकडीच्या जमान्यातलं ध्वनिमुद्रण. सूर्यमालेबाहेर पाठवायला मानवजातीने जे निवडलं, त्यात माझ्या आठ-आठ इंची वूफरना करण्यासारखं जवळपास काहीच नाही.

मग मला ते आवडतात कसे? की आवडतात असं मला वाटतं?

हा प्रश्न चेष्टेचा नाही. १९९४ साली फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह यांनी ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीपुढे एक प्रयोग मांडला होता. चार स्पीकर, एकदा पडद्याआड ऐकवलेले, एकदा डोळ्यांदेखत. श्रोते एका ऑडिओ कंपनीचेच कर्मचारी. पडद्याआड असताना छोट्या, स्वस्त सेटने चांगले गुण मिळवले. पडदा उघडल्यावर तो घसरला आणि मोठे, देखणे, महागडे वर चढले. आवाज तोच, हवा तीच, फक्त डोळे उघडे. अनुभवी कानही यातून सुटले नाहीत.

मी घरी याची गरिबांची आवृत्ती करून पाहिली. एका मित्राला बदलाबदली करायला बसवलं, मध्ये जुनी चादर टांगली, आणि टॉवर व छोटे स्पीकर यांचा आवाज मीटर लावून अर्ध्या डेसिबलच्या आत सारखा केला. (हे न करता केलेली कुठलीही तुलना फुकट. किंचित मोठा आवाज आपल्याला नेहमी ‘चांगला’ वाटतो, आणि शोरूमवाल्यांना हे आपल्याआधी माहीत असतं.) ख्यालात दहापैकी सहा वेळा ओळखलं, म्हणजे नाणं उडवून येईल तेवढंच. पखवाज असलेल्या अभंगात दहापैकी नऊ. हा काही शास्त्रीय प्रयोग नव्हे, खोली एक, कान एकाचे. पण मला पुरेसं कळलं. फरक आहे, खरा आहे, आणि तो फक्त तळाशी आहे. पखवाजाच्या डाव्या पुडीवर थाप पडते तेव्हा ती कानाला कळायच्या आधी पोटाला कळते. त्या अर्ध्या क्षणासाठी मी पैसे दिले आणि त्याबद्दल मला जराही खेद नाही.

खरी अडचण इथून सुरू होते. हा जो तळाचा आवाज, ज्यासाठी टॉवर घ्यायचा, तोच भिंतीला जुमानत नाही.

भिंतीचा ढोबळ नियम असा, की कंपनसंख्या निम्मी झाली की भिंतीची अडवण्याची ताकद सुमारे ६ डेसिबलने कमी होते. हजार हर्ट्झवरून साठ-बासष्टपर्यंत उतरलात तर हिशेबाने २४ डेसिबलची सूट. प्रत्यक्षात प्रत्येक भिंतीचं आपलं वेगळं असतं, पण दिशा हीच. ५० हर्ट्झची लाट जवळजवळ ७ मीटर लांब असते. माझा हॉल लांबीला १६ फूट, म्हणजे पाच मीटरही नाही. ती लाट माझ्या घरात मावतच नाही! त्यात हॉलची रुंदी दहा फूट, म्हणून ५६ हर्ट्झच्या आसपास खोली स्वतःच घुमते. उंचीही जवळपास तेवढीच असल्याने दोन घुमार एकमेकांना चिकटून बसतात. भिंतीला फोमच्या चौकटी लावल्या की प्रश्न सुटतो, हा लोकांचा लाडका गैरसमज. फोम वरचे स्वर शोषतो. खालच्यांना तो दिसतही नाही.

आमची इमारत ओव्यात. पलीकडच्या घरातले दादा तळोजा एमआयडीसीत शिफ्टमध्ये काम करतात. नाइट असली की सकाळी साडेसातला येतात आणि दुपारी दोनपर्यंत झोपतात. त्यांची बेडरूम आणि माझा हॉल यांत एकच भिंत. मी घरून काम करतो, म्हणजे त्यांची रात्र हा माझा ऐकायचा वेळ. त्यांनी कधी काही म्हटलं नव्हतं. टॉवर आले त्याच आठवड्यात मीच वहिनींना विचारलं, आवाज येतो का?

“गाणं कुठे येतंय रे? नुसतं धमधम. कपाटाची काच वाजते,” त्या म्हणाल्या, आणि लगेच, “पण राहू दे, तक्रार नाही हं.”

गाणं येत नाही, नुसतं धमधम येतं. सूर, शब्द, गळा, सगळं माझी भिंत माझ्यासाठी राखून ठेवते आणि गाळ तेवढा पलीकडे सोडते. त्या माणसाला ज्या गाण्याने जाग येते, ते गाणं कोणतं हेही त्याला कळत नाही.

कायद्याकडे गेलो तर कायदा माझ्या बाजूने निघाला. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री दहा ते सकाळी सहा ४५ डेसिबल ही मर्यादा. खाजगी ध्वनियंत्रणेसाठी २०१० साली असं ठरलं, की आपल्या जागेच्या हद्दीवर आवाज या मर्यादेपेक्षा ५ डेसिबलहून जास्त वर जाता कामा नये. पण हे डेसिबल ‘ए’ मापाचे. हे माप माणसाच्या कानासारखं ऐकतं, खालचे स्वर कमी धरतं. ५० हर्ट्झला ते तब्बल ३० डेसिबल वजा करतं. म्हणजे हद्दीवर ५० हर्ट्झचा नुसता घुमार ८५ डेसिबलचा असला तरी मीटर ५५ दाखवणार. मापात फसवणूक नाही, ते दुसऱ्या कामासाठी बनलंय, एवढंच. कपाटाच्या काचेला ‘ए’ माप लागू नाही.

शिवाय कायद्याचा ‘दिवस’ सकाळी सहाला उगवतो. तो जनरल शिफ्टवाल्यांचा दिवस आहे. तळोज्याच्या नाइट शिफ्टला कायद्यात रात्रच नाही.

सर्वोच्च न्यायालयाने जुलै २००५च्या निकालात हे मीटरपलीकडचं तत्त्व मांडलं होतं : आपल्या घरातसुद्धा असा आवाज करायचा हक्क कोणाला नाही, जो हद्द ओलांडून शेजाऱ्याला त्रास देईल. वाचायला सोपं. पण ‘त्रास’ कोण ठरवणार? वहिनी तर ‘तक्रार नाही’ म्हणाल्या. आपल्याकडच्या शेजारधर्मात ‘राहू दे’ या दोन शब्दांचे अर्थ किती, ते आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे. मला तरी संकोचाला परवानगी समजता येत नाही.

तत्त्वज्ञांपैकी या बाबतीत मला कांट जवळचा वाटतो, आणि तोही त्याच्या चिडचिडेपणामुळे. १७९०च्या आपल्या सौंदर्यविषयक ग्रंथात तो म्हणतो की संगीताला शिष्टाचार नाही. ते नको असलेल्यांपर्यंतही पसरतं, अत्तर लावलेला रुमाल खिशातून काढावा आणि आजूबाजूच्या सगळ्यांना तो वास घ्यावा लागावा तसं. नको असेल तर डोळे वळवता येतात, कान वळवता येत नाहीत. मिलने माणसाभोवती स्वातंत्र्याचं वर्तुळ आखलं, दुसऱ्याला इजा होत नाही तोवर तुमचं तुमच्यापाशी. आगरकरांच्या पिढीने ते वाचलं, आपण नागरिकशास्त्रात पाठ केलं. पण सात मीटरची लाट दहा फुटी खोलीत असताना वर्तुळ नक्की कुठे आखायचं?

आता हळदीबद्दल बोललंच पाहिजे, नाहीतर हा लेख अप्रामाणिक होईल.

ओवे हे आगरी गाव. लग्नसराईत हळदीच्या रात्री पाड्यात सिस्टिम लागते आणि आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज सुरू होतात : ‘किती हा धिंगाणा’, ‘या लोकांना सिव्हिक सेन्स नाही’, ‘पोलिसांना कळवा’. ‘या लोकांच्या’ जमिनीवर आपण राहतो हे ग्रुपवर कोणी लिहीत नाही. १९७०मध्ये सिडको आली, पंचाण्णव गावांच्या जमिनी गेल्या, १९८४ साली जासईच्या आंदोलनात पाच शेतकऱ्यांचे जीव गेले, आणि मग कुठे साडेबारा टक्क्यांची योजना आली. माझा दहा फुटी हॉल या हिशेबातूनच निघालाय.

याचा अर्थ हळदीचा आवाज गोड आहे असा नाही. त्या रात्री पाड्यातल्याही म्हाताऱ्यांची छाती धडधडते, आणि दहा वाजताचा नियम हळदीलाही आहेच. कोल्हापूर-साताऱ्याकडे डॉल्बीमुक्त गणेशोत्सवाच्या मोहिमा चालल्या त्या उगाच नाहीत. (अवांतर : रे डॉल्बीने १९६५मध्ये कंपनी काढली आणि पहिलं नाव कमावलं ते टेपवरची खरखर कमी करणाऱ्या यंत्रावर. त्याच्या नावाचा आपण मराठीत जो अर्थ केलाय, तो त्याला कोणी सांगितला असता तर!) पण हळदीचा आवाज उघड असतो. गाणं, शब्द, वरातीतला बेंजो, सगळं ऐकू येतं, कोणाच्या घरचं कार्य आहे ते कळतं, जेवायचं आमंत्रण असतं, आणि एक-दोन रात्रींत संपतं. माझा आवाज चोरवाटेने जातो. वर्षभर, कामाच्या दिवशी सकाळी अकराला, मीटरला न दिसता. त्याला मी अभिरुची म्हणतो आणि त्यांच्याला गोंगाट. हा फरक डेसिबलचा नाही, जातीचा आणि इंग्रजीचा आहे. त्या ग्रुपवर मी हे एकदा लिहिलं. दोन अंगठे आले, बाकी शांतता. तेवढ्यापुरतं ध्वनिप्रदूषण थांबलं म्हणायचं.

हेडफोन लाव ना मग, असं सरळ उत्तर मिळतं. लावतो. पण हेडफोनवर पोटाला काही कळत नाही, आणि दुसरं कोणी सोबत ऐकू शकत नाही. बाबा महिन्यातून एकदा येतात तेव्हा आम्ही दोघं सोफ्यावर बसून न बोलता तासभर ऐकतो. आमच्यात तेवढंच संभाषण नीट होतं. हेडफोनवर ते होणार नाही. म्हणून ‘विकून टाक’ हेही मला उत्तर वाटत नाही. त्याग केला की माणसाला आपण नैतिक झाल्यासारखं वाटतं, पण शेजाऱ्याला त्यागाची नाही, झोपेची गरज आहे.

सध्या मी असं केलंय. लॅपटॉपवर एक फिल्टर आहे, तो ८० हर्ट्झच्या खालचं कापतो. तो लावला की माझे टॉवर छोट्या स्पीकरसारखे वागतात, २६ किलोचं सोंग. मग वहिनींच्या घरी जाऊन गाणं लावून आलो, म्हणजे त्यांच्या बेडरूममध्ये उभा राहिलो आणि फोनवरून माझ्या घरातलं गाणं चालू केलं. फिल्टर लावून, मग काढून. कपाटाची काच दुसऱ्या वेळी वाजली. दादा तेव्हा जागे होते. पाच मिनिटं ऐकून म्हणाले, “एवढ्यासाठी एवढे पैसे?” मी हो म्हटलं. त्यांनी शिफ्टचं वेळापत्रक मला पाठवलं, आता दर महिन्याला पाठवतात. नाइटचा आठवडा असला की दोनपर्यंत फिल्टर. बाकी दिवशी पखवाज.

हे जमलं, कारण ती भिंत एकाच घराची होती आणि ते दार उघडणारं होतं. जमिनीतून जाणाऱ्या आवाजाचं काय, ते अजून बाकी आहे. खालचा फ्लॅट सहा महिने रिकामा होता, पुढच्या आठवड्यात तिथे भाडेकरू येतायत. वॉचमन म्हणाला, तान्हं बाळ आहे.