संकल्पाविना निघालेली यात्रा

नाशिकहून मोटारसायकलवर डोंगरात जाणाऱ्याला देव टाळता येत नाही. पश्चिमेला त्र्यंबकची रांग, उत्तरेला सातमाळा, दक्षिणेला कळसूबाई. घाट कोणताही निवडला तरी वाटेत एखादे तीर्थ लागतेच. शनिवारी दुपारी बेत ठरवून जोडीदाराला मागे बसवून निघालेली माणसे संध्याकाळी सप्तशृंगीपुढे हात जोडतात आणि रविवारी त्र्यंबकच्या कुशावर्तात पाय भिजवून घरी परततात. निघताना देवदर्शन मनात नव्हते. हवा होता पाऊस, धुके आणि एकमेकांची सोबत. अशा जाण्याला यात्रा म्हणावे का, हा प्रश्न वाटतो त्याहून जुना आहे.

धर्मशास्त्रात यात्रेची सुरुवात घरातच होते. आदल्या दिवशी उपवास, गणेशपूजन, श्राद्ध, मग संकल्प आणि नंतर प्रस्थान, असा क्रम निबंधकारांनी घालून दिला आहे. म्हणून जो दुसऱ्याच कामाला निघाला आणि ओघाने तीर्थावर पोहोचला, त्याचे काय, हा प्रश्न त्यांच्यासमोरही आला. स्मृतिवचनांतले उत्तर स्पष्ट आहे: दुसऱ्यासाठी मोबदला घेऊन जाणाऱ्याला फळाचा सोळावा हिस्सा मिळतो, प्रसंगाने जाणाऱ्याला निम्मा. हा निम्मा हिस्सा महत्त्वाचा आहे. सहज घडलेले दर्शन शास्त्राने कमी लेखले, पण व्यर्थ ठरवले नाही.

वाहनाबाबत शास्त्र अधिक कठोर आहे. वाहनाने निम्मे फळ जाते, छत्री-जोड्यांनी आणखी घटते, असे हिशेब ग्रंथांत येतात. पांडुरंग वामन काणे यांनी ‘धर्मशास्त्राचा इतिहास’ या ग्रंथाच्या चौथ्या खंडात अशी वचने एकत्र केली आहेत. त्यांतले मत्स्यपुराणातले प्रयागविषयक वचन विशेष विचार करण्याजोगे आहे. वाहनाने जाणे निष्फळ, असे ते सांगते, पण त्यासोबत ऐश्वर्य, लोभ आणि मोह ही कारणेही जोडते. म्हणजे आक्षेपाचा रोख चाकांपेक्षा चाकांमागच्या मिजाशीवर आहे. सप्तशृंगीचा नांदुरी घाट आज बहुतेक जण वाहनाने चढतात, आणि २०१८ पासून गडाच्या पायऱ्यांना फ्युनिक्युलर ट्रॉलीचा पर्याय आहे. गुडघे दुखणाऱ्या आजीला ट्रॉलीमुळे देवीचे दर्शन होते. तिचे पुण्य कापून घेणारा हिशेब कोणत्याही श्रद्धाळू माणसाला पटू नये.

खरी कसोटी महाभारताच्या वनपर्वात आहे. ज्याचे हात, पाय आणि मन संयमात आहे, त्याला तीर्थाचे फळ मिळते, असे तेथे सांगितले आहे. मोटारसायकल चालवणाऱ्याला हे वचन पहिल्या वळणावरच आपले वाटेल. घाटात एक हात क्लचवर, दुसरा ब्रेकवर असतो, एक पाय गिअरवर, दुसरा मागच्या ब्रेकवर, आणि मन फक्त पुढच्या वळणावर. मागे बसलेल्यालाही वळणासोबत तेवढेच कलावे लागते. तो उलट्या बाजूला झुकला की तोल जातो. अशा वेळी दोघांची मने एकाच गोष्टीवर स्थिर होतात, आणि एरवीच्या आठवड्यात हे क्वचितच घडते.

मात्र एकाग्रता म्हणजे संयम नव्हे. टीकाकार हातांचा संयम म्हणजे दुसऱ्याचे न घेणे, पायांचा संयम म्हणजे नको तिथे न जाणे, असा अर्थ लावतात. घाटात अत्यंत एकाग्रतेने गाडी चालवणारा माणूस पहिण्याच्या धबधब्याखाली बाटल्या फोडून आला, शेतकऱ्याच्या भातखाचरातून गाडी घालून आला, तर त्याच्या एकाग्रतेला धर्माच्या दृष्टीने काही किंमत उरत नाही. डोंगरावर अशा हातापायांनी गेलेल्या माणसाला कोणताही संकल्प वाचवणार नाही.

जोडीदाराला सोबत नेण्याच्या प्रश्नावर पद्मपुराणाच्या भूमिखंडात एक पूर्ण आख्यान आहे. कृकल नावाचा वैश्य तीर्थयात्रेला निघतो, पण वाटेचे हाल सोसवणार नाहीत म्हणून पत्नी सुकलेला घरीच ठेवतो. यात्रा करून परतताना त्याला आपले पितर बांधलेले दिसतात. पत्नीला सोडून केलेली यात्रा फळली नाही, असे त्याला सांगितले जाते. काळजीपोटी का होईना, सोबतीचा हक्क परस्पर काढून घेणे हा येथे दोष ठरतो. हे आख्यान विवाहितेपुरतेच बोलते आणि तिला पतिव्रतेच्या चौकटीत ठेवते. आजच्या वाचकाने ती मर्यादा ओळखावी, पण त्यातला न्याय सोडू नये. ज्ञानेश्वरांचे वडील विठ्ठलपंत यांची परंपरागत कथाही त्याच दिशेची आहे. पत्नीला आळंदीला सोडून त्यांनी काशीत संन्यास घेतला, आणि ही गोष्ट कळताच गुरूंनी त्यांना परत संसारात पाठवले.

याच कुटुंबाची दुसरी कथा नाशिकच्याच डोंगरातली आहे. विठ्ठलपंत बायकामुलांसह ब्रह्मगिरीची प्रदक्षिणा करत असताना वाघ समोर आला, पळापळ झाली, आणि लहानगा निवृत्ती वाट चुकून एका गुहेत शिरला. तेथे गहिनीनाथ होते. वारकरी परंपरेला नाथपंथाशी जोडणारा त्यांचा अनुग्रह कोणत्याही बेतात नव्हता. मात्र भीती ओसरल्यावर निवृत्ती तेथे थांबला, त्याने उपदेश घेतला आणि पुढे तो ज्ञानेश्वरांना दिला. अकस्मात सापडलेल्या जागेपाशी थांबण्याची तयारी नसती, तर ती गुहा केवळ आडोसा ठरली असती. शनिवार-रविवारच्या भटकंतीत उणीव असलीच तर ती या थांबण्याची आहे. दर्शन, फोटो आणि पुढचा घाट यांत ते हरवते.

आणि संकल्प घरून केलेला नसला तरी वाट बंद होत नाही. तीर्थावर स्नानापूर्वी देशकालाचा उच्चार करून संकल्प करण्याची रीत आहेच, आणि कुशावर्तावर ती रोज चालते. पती संकल्प सोडताना पत्नी त्याच्या हाताला हात लावते, म्हणजे कर्म दोघांचे होते. लग्न न झालेल्या जोडीदारांसाठी या विधीत जागा नाही; पण गोदावरीत बुडी मारायला आणि ब्रह्मगिरीकडे पाहत तिथे तासभर बसायला कोणत्याही विधीची परवानगी लागत नाही.