उसनवारी

जपानच्या मध्ययुगाचे अभ्यासक अमिनो योशिहिको (1928–2004) यांच्या ग्रंथांवर पुष्कळ लिहिलं गेलंय. मला त्यांची उसनवारी जास्त मोलाची वाटते.

1950 मध्ये तोक्यो विद्यापीठातून बाहेर पडून ते एका संशोधनसंस्थेत लागले. मत्स्यखात्याच्या पैशावर तिथली मंडळी किनाऱ्यावरच्या कोळीवाड्यांत हिंडत आणि ‘वाचून परत देतो’ म्हणत घराघरांतली जुनी दप्तरं उचलून आणत. काही वर्षांत पैसा आटला, माणसं पांगली, दप्तरं खोक्यांतच राहिली. अमिनो पोटापाण्यासाठी शाळामास्तर झाले. वर्गात कुणीतरी विचारलं, सत्ता हातची जाऊनही सम्राट टिकला कसा? मास्तरांना उत्तर सुचलं नाही, आणि 1978 च्या गाजलेल्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत त्यांनी ते कबूलही करून टाकलं. प्राध्यापक मंडळी सहसा इतकी उदार नसतात.

1980 मध्ये कानागावा विद्यापीठात आल्यावर ती खोकी त्यांनी मनावर घेतली. आपले इतिहासकार राजवाडे गावोगाव हिंडले ते कागद मिळवायला. हा गृहस्थ हिंडला परत द्यायला. तीसेक वर्षांनी कुणाच्या दारात उभं राहायचं, तेही माफी मागत!

नोतो द्वीपकल्पातल्या तोकीकुनी घराण्याकडे कागद परत गेले आणि घराने दारं उघडली. अक्षरशः. सरकत्या दारांना अस्तर म्हणून चिकटवलेली रद्दी सोडवली, तर तिच्यात जुने व्यवहार निघाले. तोवर हे घराणं मोठ्या जमीनदाराचं समजत. पण त्यांची गलबतं पार होक्काइदोपर्यंत जात होती, आणि त्यांना कर्ज देणारा एक जण सरकारदरबारी चक्क ‘भूमिहीन’ होता. जमीन नव्हती, कारण त्या व्यापाऱ्याला तिची गरजच नव्हती! जुन्या कागदांतला ‘ह्याकुशो’ म्हणजे शेतकरी, असं सगळे धरून चालले होते. शब्दशः पाहिलं तर ‘शंभर आडनावं’, म्हणजे सगळी सामान्य रयत. तीत कोळी, मिठागरवाले, तांडेल सगळेच आले. अमिनोंनी समुद्राचं माप जरा झुकतं टाकलं, अशी टीका झाली. ती अगदीच खोटी नाही. पण भाताच्या खाचरांपलीकडे बघायला त्यांनी लावलं, हेही खरं.

परतफेडीच्या या फेऱ्यांवर त्यांनी 1999 मध्ये पुस्तक लिहिलं. 1 जानेवारी 2024 च्या भूकंपात तोकीकुनी घराण्याच्या एका शाखेचा गवताने शाकारलेला वाडा जमीनदोस्त झाला. छप्पर तेवढं जमिनीवर बसल्यासारखं दिसत होतं. त्याखालचे कागद काढायला अभ्यासक पुन्हा नोतोला गेले.